डोंगरातली बंदूक किती जड असावी?

सिंहगडाची आतकरवाडीकडील चढण ज्यांनी पायी केली असेल, त्यांना वजन ही काय वस्तू आहे हे निराळे सांगावयास नको. घरून निघताना पाण्याची बाटली, भाकरीचा डबा आणि एखादी शाल एवढे ओझे पिशवीत टाकलेले असते. पायथ्याशी ते जाणवतसुद्धा नाही. निम्म्या चढणीवर मात्र याच पिशवीत कोणी धोंडे भरून दिले आहेत काय, अशी शंका येऊ लागते. आता कल्पना करा की हीच चढण रोज, पंधरा-पंधरा दिवस, तीन-चार हजार मीटर उंचीवर करावयाची आहे. हवा विरळ, पाय ठेवावयास घसरडी खडी, आणि खांद्यावर बंदूक. ती बंदूक किती जड असावी आणि तिची गोळी किती मोठी असावी? गेली दीडशे वर्षे पहाडात हिंडणाऱ्या शिकाऱ्यांनी या एका प्रश्नावर जेवढी शाई खर्च केली, तेवढी दारूही कदाचित केली नसेल.

आम्ही बंदूक चालविणारे नव्हे, जुने ग्रंथ चाळणारे आहोत, हे आरंभीच कबूल केलेले बरे. शिवाय १९७२ च्या वन्य जीव संरक्षण कायद्यानंतर आपल्या देशात हा प्रश्न व्यवहाराचा उरलेला नाही, इतिहासाचा झाला आहे. पण इतिहास म्हणून तो क्षुल्लक नाही. दारूचे रसायन, साम्राज्याला वाटणारे भय, दुसऱ्याच्या पाठीवर टाकलेले ओझे आणि कुमाऊँच्या खेड्यांत वाघिणीने मारलेली शेकडो माणसे, ही सर्व या प्रश्नाच्या पोटात आहेत.

प्रथम दारूचे पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत बंदुकीत जळत असे ती काळी दारू: सोरा, गंधक आणि कोळसा. ही दारू जळली म्हणजे तिचा निम्म्याहून अधिक भाग वायू न होता घनरूपच राहतो. त्याचाच तो पांढरा धूर आणि नळीत बसणारी काजळी. त्यामुळे गोळीला वेग देण्याच्या तिच्या शक्तीला मर्यादा होती. सेकंदास चारशे-साडेचारशे मीटर गाठले म्हणजे मोठ्या गोळीच्या बंदुकीने आपले काम केले. वेग वाढत नाही म्हटल्यावर मोठे जनावर पाडावयास एकच मार्ग उरतो, तो म्हणजे गोळीचे वजन वाढविणे. ‘बारा बोअर’ हा शब्द आपण ऐकतो, त्याचा अर्थ असा की एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातील एक गोळी त्या नळीत बरोबर बसते. म्हणजे बोअरचा आकडा जितका लहान, तितकी नळी मोठी. चार बोअरची गोळी पाव पौंडाची. सॅम्युएल बेकर नावाचा इंग्रज प्रवासी सिलोनात आणि पुढे आफ्रिकेत शिकार करीत हिंडला. त्याने एक बंदूक खास करवून घेतली होती. ती अर्ध्या पौंडाचा गोळा फेकीत असे आणि तिचे वजन वीस पौंड, म्हणजे नऊ किलोंच्या वर होते. तो लाडाने तिला ‘बाळ’ म्हणे. त्याच्या अरब सोबत्यांनी मात्र तिचे नाव ‘तोफेचे पोर’ असे ठेवले होते. अरबांची भाषा अधिक शास्त्रशुद्ध होती असे आम्हांस वाटते. ही बंदूक उडविली की दणक्याने तो धिप्पाड मनुष्य स्वतःच गरकन फिरत असे, हे त्यानेच लिहून ठेवले आहे.

अशी धुडे वागविणे शक्य कसे होई? त्याचे उत्तर शिकारीच्या जुन्या पुस्तकांत पानोपानी आहे, पण ते शोधावे लागते. कारण लिहिणाऱ्याला ते लिहिण्यासारखे वाटलेच नाही. बंदूक साहेब वागवीत नसे. ती वागविणारा एक गडी असे, तो साहेबाच्या मागे दोन पावलांवर चाले, आणि सावज दिसले की भरलेली बंदूक पुढे करी. कर्नल मार्कहॅमने हिमालयातील शिकारीवर १८५४ साली पुस्तक प्रसिद्ध केले. त्या काळच्या सफरींत तंबू, सामान, बंदुका आणि दारूगोळा घेऊन पहाडी हमालांची रांगच चाले. बंदुकीचे वजन हा प्रश्न तोपर्यंत साहेबाच्या खांद्याला पडलाच नव्हता. तो ज्याच्या पाठीला पडला होता, त्याने पुस्तक लिहिले नाही.

त्या पहाडी माणसाजवळ स्वतःची बंदूक असेच. लडाख-तिबेटकडील शिकाऱ्याची तोड्याची बंदूक लांब नळीची असे आणि तिच्या पुढील अंगाला हरणाच्या शिंगांचा दुबेळका टेका बिजागरीने जोडलेला असे. शिकारी खडकामागून सरपटत सावजाच्या अगदी जवळ जाई, टेका जमिनीत रोवी, आणि मग तोडा लावी. एका बारानंतर दुसरा भरावयास वेळ मिळणार नाही हे त्याला पक्के ठाऊक होते. तेव्हा त्याची सारी भिस्त जवळ जाण्यावर आणि न हलणाऱ्या नेमावर असे. पुढे युरोप-अमेरिकेतील शिकारी शंभर वर्षे वाद घालून ज्या निर्णयास आले, तो याने वाद न घालताच अंमलात आणला होता.

पहाडातले सावज मैदानातल्यासारखे नसते. भरल, मारखोर, आयबेक्स, थार, गोरल ही सारी रानमेंढ्यांची आणि रानबोकडांची जात. वजनाने हत्ती-गव्यांच्या पासंगालाही न पुरणारी, पण डोळ्याने तीक्ष्ण आणि कड्यावर राहणारी. त्यांना मारावयास अर्ध्या पौंडाचा गोळा नको. लांबवर सरळ जाणारी गोळी हवी. आणि नेम तर बहुधा चढावर किंवा उतारावर धरावयाचा. येथे एक गंमत आहे. वर नेम धरा की खाली धरा, गोळी दोन्ही वेळा अपेक्षेपेक्षा उंच लागते. कारण गुरुत्वाकर्षणामुळे गोळी किती ढळेल हे तिरप्या अंतरावर नव्हे, आडव्या अंतरावर अवलंबून असते. पंचेचाळीस अंशांच्या उतारावर सावज तीनशे मीटरांवर दिसत असले, तरी नेम मात्र दोनशे दहा-बारा मीटर समजूनच धरावा लागतो. जुन्या जड गोळीची वाट आधीच कमानीसारखी वाकडी, त्यात हा हिशेब, आणि धापा टाकणारी छाती! नेम चुकला तर सावज सुटे, आणि अर्धवट लागला तर जखमी होऊन कड्याआड जाई. या दुसऱ्या शक्यतेकडे आम्ही पुढे येणार आहोत. ती विसरू नये.

१८८४ साली पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनज्ञाने बिनधुराची दारू सिद्ध केली आणि १८८६ साली फ्रान्सने तिच्यासाठी आठ मिलिमीटरची लेबेल रायफल बनविली. ही दारू जळून जवळजवळ सगळीच वायू होते. वेग एकदम वाढला. मग गोळी मोठी असण्याचे कारणच उरले नाही. ती बारीक, लांब आणि वरून कठीण धातूचे कवच असलेली झाली. जर्मनीत माउझर बंधूंच्या कारखान्याने सात मिलिमीटरचे काडतूस काढले व स्पेनने ते १८९३ साली आपल्या सैन्यासाठी घेतले. क्यूबात १८९८ साली सान ह्वान टेकडीवर अमेरिकनांना आणि पुढल्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत इंग्रजांना या काडतुसाने जो धडा दिला, तो सर्वांस माहीत आहे. बोअर शेतकरी लांबून नेमका मारा करी आणि इंग्रज शिपायास तो कोठून होतो हे दिसतही नसे. धूर नव्हता ना!

हरलेला मनुष्य जिंकणाऱ्याचे हत्यार फार आदराने न्याहाळतो. लंडनच्या रिग्बी कंपनीने माउझरच्या यंत्रणेवर शिकारीची रायफल बांधून त्याच सात मिलिमीटर काडतुसाला .२७५ रिग्बी असे इंग्रजी नाव दिले. नऊ ग्रॅमची गोळी, सेकंदास आठशे मीटरांच्या वर वेग, आणि रायफलीचे वजन सुमारे साडेतीन किलो. बेकरचा अर्ध्या पौंडाचा गोळा म्हणजे २२७ ग्रॅम. हिशेब आपणच करा. इकडे ऑस्ट्रियात श्टायर येथे मानलिखर-शोनाउअर ही साडेसहा मिलिमीटरची रायफल निघाली व १९०३ साली ग्रीसच्या सैन्याने ती घेतली. तिचा आखूड अवतार तर तीन किलोंच्या आसपास भरे. आल्प्समध्ये शामोआ मारणारे आणि हिमालयात रजा काढून जाणारे लष्करी अधिकारी, दोघांनाही ती प्रिय झाली.

पण बारीक गोळीवर विश्वास बसावयास वेळ लागला, आणि अविश्वासाला कारणही होते. १८९५ च्या चित्रळच्या मोहिमेत सरहद्दीच्या डोंगरांत इंग्रजी फौजेची अशी तक्रार झाली की, .३०३ ची कवचाची गोळी माणसाच्या अंगातून आरपार जाते आणि मनुष्य धावतच राहतो. त्यावर कलकत्त्याजवळच्या डमडम येथील कारखान्यात गोळीच्या टोकावरचे कवच काढून आतले शिसे उघडे ठेवण्याची युक्ती निघाली. अशी गोळी अंगात शिरली की फुलते व भयंकर जखम करते. १८९९ च्या हेगच्या परिषदेने युद्धात तिला मनाई केली. शिकारीत मात्र तीच गोळी उचित ठरली, आणि आजही ठरते. कारण जनावर तत्काळ पडावे, जखमी होऊन तडफडत फिरू नये, हा शिकाऱ्याचा पहिला धर्म. माणसांच्या युद्धात जे क्रौर्य, ते शिकारीत दया ठरले! ही उलटापालट आम्हांस प्रथम वाचताना विचित्र वाटली होती. विचार करता ती बरोबर आहे असेच म्हणावे लागते.

हिंदुस्थानात कोणते कॅलिबर घ्यावे हे ठरविणे तर केवळ शिकाऱ्याच्या हातीही नव्हते. १८७८ च्या लिटनशाही शस्त्रकायद्याने येथल्या माणसास परवान्यावाचून हत्यार बाळगण्याची बंदी झाली आणि युरोपियनांना त्यातून सूट मिळाली. या पक्षपाताविरुद्ध काँग्रेसच्या प्रारंभीच्या अधिवेशनांतून ठराव झाले. पण १९०७ च्या सुमारास सरकारच्या भयाची झळ साहेबालाही लागली. जुन्या मार्टिनी रायफली बंडखोरांच्या हाती पडल्या आहेत आणि .४५० च्या गोळ्या त्यांना उपयोगी पडतील, म्हणून .४५० बोअरच्या रायफली व काडतुसे या देशात आणण्यास बंदी झाली. लंडनच्या बंदूकवाल्यांनी लगेच .४६५, .४७० अशी थोडी मोठी कॅलिबरे काढली. लष्करी .३०३ लोकांच्या हाती जाऊ नये म्हणून .३१५ हे निराळेच काडतूस येथे रूढ झाले, आणि स्वातंत्र्यानंतर आपल्याच सरकारी कारखान्यांनी ते पुढे चालविले. ‘प्रतिबंधित बोअर’ हा शब्द परवान्याच्या भाषेत आजही आहे. कोठल्या गोळीने बोकड चांगला पडतो, यापेक्षा कोठल्या गोळीने राज्य पडणार नाही, हा विचार तेथे आधी झाला होता.

आता हलकी म्हणजे किती हलकी? येथे बंदूकवाले व शिकारी यांचे कधीच एकमत झाले नाही. वॉल्टर बेल हा स्कॉटिश शिकारी, ज्याला ‘कारामोजो’ बेल म्हणत, त्याने आफ्रिकेत हजाराहून अधिक हत्ती मारले, त्यांतील बहुतेक याच सात मिलिमीटरच्या काडतुसाने. ही गोष्ट सांगून पुष्कळांनी लहान गोळीची तरफदारी केली आहे. पण बेलने हत्तीचे डोके करवतीने कापून मेंदू नेमका कोठे असतो याचा अभ्यास केला होता, हे सांगावयास ते विसरतात. त्याचे काडतूस दुकानात मिळे. त्याचा हात दुकानात मिळत नव्हता. दुसऱ्या बाजूस वजन कमी करण्यालाही दंड आहे. तेच काडतूस एक तृतीयांश हलक्या रायफलीतून उडविले, तर खांद्यावर बसणाऱ्या धक्क्याची ऊर्जा दीडपट होते. धक्क्याची धास्ती घेतलेला मनुष्य चाप ओढण्याआधीच डोळे मिटतो. शिवाय हलकी नळी वाऱ्यात आणि धापेत अधिक हलते. अमेरिकेत जॅक ओकॉनर या लेखकाने १९२५ साली निघालेल्या .२७० विंचेस्टर काडतुसाचा पर्वतातील मेंढ्यांच्या शिकारीसाठी आयुष्यभर पुरस्कार केला. त्याचे म्हणणे थोडक्यात हेच की, धक्का सोसेल एवढी शक्ती आणि हात स्थिर राहील एवढे वजन. आज कार्बनच्या धाग्यांचे दस्ते निघाले आहेत आणि अडीच किलोंहूनही हलकी रायफल मिळते. आमच्या मते साडेतीन किलोंच्या जवळपास जुन्या कारागिरांनी जो तोल साधला होता, तो अनुभवाने साधलेला होता; त्याखाली जाणाऱ्याने आपला खांदा आणि आपला हात आधी तपासावा.

आता त्या जखमी जनावराकडे येऊ. कुमाऊँमधील चंपावतची वाघीण ४३६ माणसे मारून १९०७ साली पडली. त्यांपैकी दोनशे नेपाळात आणि उरलेली आपल्या बाजूस. तिला मारणारा जिम कॉर्बेट तेव्हा बत्तीस वर्षांचा होता आणि बिहारमध्ये मोकामा घाटावर रेल्वेचा माल उतरविण्याचे काम पाही. तीनशेच्या आसपास गावकऱ्यांनी डोंगरावरून हाका केला. कॉर्बेटजवळ .५०० ची जड रायफल आणि अवघी तीन काडतुसे. ती संपली, वाघीण जखमी होऊन उभीच. तेव्हा तो धावत तहशीलदाराकडे गेला, त्याची बंदूक घेऊन परत आला आणि शेवटचा बार त्याने त्या खिळखिळ्या बंदुकीने काढला. उघड्या जबड्यावर धरलेला नेम पंज्याला लागला. पण आधीच्या गोळ्यांनी वाघिणीचा शेवट झालाच होता. मागाहून पाहिले तेव्हा तिच्या उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे सुळे मोडलेले आढळले. वरचा निम्मा, खालचा थेट हाडापर्यंत. ती बंदुकीच्या गोळीची जुनी जखम होती. कोणा अज्ञात शिकाऱ्याने केव्हातरी झाडलेली गोळी तोंडावर लागली, वाघीण जगली, तिला नेहमीचे भक्ष्य धरता येईना, म्हणून ती माणसांकडे वळली.

तो शिकारी कोण, त्याने कोणती बंदूक वापरली, हे कधीच कळणार नाही. चारशे छत्तीस माणसे मात्र त्या एका ढिल्या नेमाच्या खात्यावर जमा आहेत. कोणती रायफल, कोणते कॅलिबर, या चर्चेला जे केवळ हौशी लोकांचा छंद समजतात, त्यांनी हा आकडा डोळ्यांपुढे ठेवावा.

या वाघिणीबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्युएट यांनी कॉर्बेटला एक रायफल बक्षीस दिली. ती .२७५ रिग्बी होती. दस्त्यावर चांदीची पट्टी. कॉर्बेटजवळ जेफ्री कंपनीची .४५०/४०० ची दुनळी जड रायफलही असे, आणि वाघासाठी जड रायफल हवी असेच शिकारशास्त्र सांगत आले होते. पण कॉर्बेट बहुधा पायी आणि एकटा हिंडे. त्याच्या मागे दोन पावलांवर बंदूक घेऊन चालणारा कोणी नसे. जे वागवावयाचे ते आपल्याच खांद्याने, हा हिशेब त्याला पडला होता.

चौगढची वाघीण ही दुसरी. सरकारी नोंदीप्रमाणे तिने ६४ माणसे मारली होती. एप्रिल १९३० मध्ये काला आगरच्या डोंगरात कॉर्बेट एका ओढ्यात उतरत होता. वाटेत त्याला रातवा पक्ष्याची दोन अंडी दिसली. अंडी जमविण्याचा त्याला नाद होता. त्याने ती शेवाळात गुंडाळून डाव्या हातात घेतली. उजव्या हातात .२७५ रिग्बी, छातीवर आडवी धरलेली. एका मोठ्या शिळेला वळसा घालून त्याने उजव्या खांद्यावरून मागे पाहिले, तो वाघीण! आठ फुटांवर, पंजे पुढे टाकून बसलेली आणि त्याच्याकडेच पाहत असलेली.

त्याने काय केले हे त्याने स्वतः नंतर फार शांतपणे लिहिले आहे. अंगाची हालचाल केली असती तर वाघिणीने झेप घेतली असती. म्हणून शरीर जागच्या जागी ठेवून त्याने एका हाताने रायफल हळूहळू, इंच-इंच, सुमारे पाऊण वर्तुळ फिरविली. हात ताणून पुरता लांब झाला, नळीचे तोंड तिच्यावर आले, आणि त्याने चाप ओढला. गोळीने पाठीचा कणा तोडला आणि काळीज भेदले. पुढे त्याचा विचार करताना कॉर्बेटने म्हटले आहे की, ज्या गोष्टी आपल्या विरुद्ध होत्या असे कोणालाही वाटेल, त्याच आपल्या उपयोगी पडल्या. अंडी नसती तर दोन्ही हात रायफलीवर असते आणि आपण उपजत बुद्धीने गर्रकन वळलो असतो; आणि रायफल हलकी नसती तर एका हाताने ती अशी फिरविणे आणि हात लांब करून उडविणे शक्यच नव्हते. साडेचार-पाच किलोंची दुनळी एका हाताने छातीवरून फिरवून पाहावी. आमच्या एका स्नेह्याने तेवढ्या वजनाची मुसळ घेऊन तो प्रयोग केला आणि चहाच्या कपबशा फोडल्या! असो.

अंडी कॉर्बेटने घरट्यात परत नेऊन ठेवली. अर्ध्या तासाने तो त्याच वाटेने आला तेव्हा पक्षीण त्यांवर बसलेली होती.

पुढे कॉर्बेटने बंदुकीपेक्षा कॅमेरा अधिक वापरला, १९४७ नंतर तो केनियात गेला आणि १९५५ साली तेथेच वारला. रायफल त्याच्या ग्रंथप्रकाशकांकडे राहिली, आणि बऱ्याच वर्षांनी ती बनविणाऱ्या रिग्बी कंपनीकडे लंडनला परत गेली. २०१६ साली ती पुन्हा एकदा कुमाऊँत आणली होती. कालाढुंगीजवळ छोटी हल्द्वानी येथे, जे गाव कॉर्बेटने वसविले आणि ज्याची जमीन जाताना कुळांना देऊन टाकली, तेथील लोकांनी ती हातात घेऊन पाहिली. दस्त्यावरच्या पट्टीवर चंपावतचे नाव आणि १९०७ हे साल आहे.